तीस हात घेराचा हौद

आमचे विज्ञानाचे सर उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "हे आमच्यात आधीच लिहून ठेवलंय, कदम सर." बोट वर गेलं की समजायचं, मधली सुट्टी गेली. चंद्राकडं यान सुटलं त्या दिवशी आमची सगळी स्टाफरूम टीव्हीसमोर उभी होती. टाळ्या संपायच्या आत यांचं बोट वर. पृथ्वी कशावरही टेकलेली नाही, नुसती अधांतरी टांगलेली आहे, असं बायबलमध्ये एके ठिकाणी म्हटलंय म्हणे. मी विचारलं, "एवढं ठाऊक होतं तर यान तुम्हीच का नाही सोडलं?" त्यावर त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि डबा उघडला.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेलच. हल्ली प्रत्येक स्टाफरूममध्ये, प्रत्येक एसटी स्टँडवर आणि प्रत्येक मोबाइलच्या ग्रुपवर तो असतो. जगात काहीही नवीन निघालं की ते यांच्या घरच्या पोथीत निघतं, फक्त निघायच्या आधी कधी निघत नाही. आमच्या शाळेत असे दोघं होते. इतिहासाचे पाटील सर विमान, प्लॅस्टिक सर्जरी आणि अणुबॉम्ब पुराणातून काढायचे, आणि आमचे हे विज्ञानाचे सर वाफ, वारा, रक्ताभिसरण बायबलमधून काढायचे. दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं. मी त्या दोघांच्या मध्ये बसून नववीच्या वह्या तपासायचो. वह्यांमध्येही पुष्कळ चुका असायच्या, पण त्या करणाऱ्यांना निदान त्यांचा अभिमान नसायचा.

मी मलकापूरच्या त्या हायस्कुलात गणित शिकवायचो, ते विज्ञान. ते मूळचे मिरजेकडचे, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. बोलणं अगदी छापील. घरचं बोलणं वेगळं असावं, पण शाळेत त्यांनी ते कधी आणलं नाही. शर्ट इस्त्रीचा, खिशात खडूचा तुकडा, चष्मा नेहमी हरवलेला. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, सुरुवातीची कित्येक वर्षं त्यांना बायबलचं काही एक पडलं नव्हतं. रविवारी चर्चमध्ये जायचे ते वहिनींच्या धाकानं, आणि तिथं पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला की डुलक्या घ्यायचे. हे मला वहिनींनीच सांगितलं होतं.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. माहेर कोयनानगरचं, वडील धरणावर नोकरीला, त्यामुळं भूकंपात वाढलेल्या. आमच्याकडं कधी धक्का बसला, भिंतीवरचं कॅलेंडर हललं की सगळी गल्ली आरडाओरडा करत बाहेर यायची. वहिनी गॅस बंद करून, पायात चपला घालून, शांतपणे अंगणात येऊन उभ्या राहायच्या आणि घराकडं तोंड करून म्हणायच्या, "आवं, चष्मा राहू द्या, आधी तुमी या." एकदा आमच्या हिनं त्यांना विचारलं, "तुम्हाला भ्या वाटत न्हाई का?" तर म्हणाल्या, "देवावर भरवसा हाय. पर गॅस बंद करायचं काम त्यानं मला दिलंय." श्रद्धा ही चीज मला फारशी कधी पटली नाही, पण ही जी होती तिच्याशी माझं भांडण नव्हतं.

त्या वहिनी गेल्या. पोटात दुखायला लागलं, सांगलीला नेलं, उशीर झालेला होता. पुरून आल्यावर आम्ही त्यांच्या घरी बसलो होतो. पाळकसाहेब सांगत होते की हा निरोप कायमचा नाही, शेवटच्या दिवशी सगळे उठतील, भेट होईल. असं सगळेच पाळक सांगतात आणि सगळेच लोक माना डोलावतात. आमच्या सरांनी मान डोलावली नाही. त्यांनी विचारलं, "नक्की?" पाळकसाहेब म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, सर." सर उठले, कपाटावरचं वहिनींचं बायबल काढलं, त्यावरची धूळ झटकली आणि ते घेऊन आतल्या खोलीत गेले. चहा तसाच राहिला.

तिथून हे सगळं सुरू झालं. लोकांना वाटलं, दुःखात माणूस धर्माकडं वळतो. ते वळले नव्हते, ते तपासायला बसले होते. हिशेब साधा होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. वहिनींची भेट होणार हे ज्या पुस्तकात आहे, त्या पुस्तकातलं बाकीचं सगळं खरं निघालं तर तेही खरं. मला एकदा म्हणालेच, "साक्षीदार बाकी सगळ्या बाबतीत खरं बोलत असेल, तर त्याची न तपासता येणारी गोष्टही मानावी लागते. कोर्टातही मानतात." मी म्हटलं, "आणि एका बाबतीत खोटं निघाला तर?" ते म्हणाले, "निघणार नाही." मग बोट वर.

पण निघायला तर लागलंच. आमच्या शाळेच्या मागं एक वडाचं झाड आहे, त्याला वटवाघळं लटकलेली असतात. सातवीला धडा होता, वटवाघूळ हा उडणारा सस्तन प्राणी. सरांनी तो उत्तम शिकवला, फळ्यावर पंखाची आकृती काढली, हाडं दाखवली. तास संपवून स्टाफरूममध्ये आले आणि खुर्चीत बसून मला म्हणाले, "बायबलमध्ये वटवाघूळ पक्ष्यांच्या यादीत आहे. पण त्या काळी पक्षी म्हणजे जे जे उडतं ते. म्हणजे बरोबरच आहे." मी त्यांना काही विचारलेलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, सातवी ब मध्ये ते सस्तन, रविवारी चर्चमध्ये ते पक्षी. मधल्या सुट्टीत ते नक्की काय असतं?" पाटील सर इतके हसले की त्यांच्या हातातला चहा सांडला. नंतर पाटलांनी गरुडपुराणातलं काहीतरी सांगितलं, तेव्हा हसायची पाळी माझी होती.

मग ससा. ससा रवंथ करतो असं त्यांच्या पुस्तकात आहे. ससा रवंथ करत नाही हे पाचवीतलं पोरगं सांगेल. सर आठ-पंधरा दिवस गप्प होते. मग एका दुपारी मी भाकरीचा पहिला घास मोडला आणि ते समोर येऊन बसले. चेहरा उजळलेला. "कदम सर, ससा स्वतःची लेंडी परत खातो. पहाटे. मऊ लेंडी. मी स्वतः पाहिलं, उंब्रजला एकाकडं पाळलेत. म्हणजे खाल्लेलं परत चावणं झालं की नाही? म्हणजे रवंथच!" मी डबा बंद केला. बायकोनं दिलेली वांग्याची भाजी त्या दिवशी तशीच परत गेली, आणि घरी ती म्हणाली, "भाजी खारट झालती व्हय?" मी तिला लेंडीची कथा सांगितली. ती हसली नाही. म्हणाली, "एकटं माणूस हाय. पहाटे उठून सशाजवळ बसून ऱ्हातंय म्हंजे झोप लागत नसंल त्येंना." बायकांना कुठल्याही गोष्टीत झोपच दिसते, असं मी त्यावर बोललो होतो.

मोहरीचं तर विचारूच नका. मोहरीचा दाणा सगळ्या बियांत लहान, असं तिथं म्हटलंय. माझा मेहुणा सांगलीच्या बाजूचा, त्याच्या पाव्हण्यांची सीमेकडं तंबाखू असते. मी चिमूटभर तंबाखूचं बी कागदात बांधून आणलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगतो, ते बी म्हणजे निव्वळ धूळ असते. पांढऱ्या कागदावर एका बाजूला मोहरी ठेवली, दुसऱ्या बाजूला तंबाखू, आणि म्हटलं, "बघा." सरांनी चष्मा शोधला, कागदावर वाकले, बराच वेळ पाहिलं आणि एक शिंक दिली. खरी होती की आणलेली, देव जाणे. मोहरी जागेवर होती, तंबाखू गेली. "कुठाय?" त्यांनी विचारलं. सगळी स्टाफरूम वाकून टेबलाखाली बघत होती. "दिसत नाही ते बी मी कसं मानू?" असं म्हणून ते तासाला गेले. न दिसणाऱ्या गोष्टी मानण्यावर ज्यांचं सगळं चाललंय, त्यांनी हे म्हणावं.

चर्चमध्येही लोक कंटाळले होते. त्यांच्याकडं हंगामाचा सण असतो. शेतात जे पहिलं येतं ते लोक चर्चमध्ये आणून ठेवतात. उसाची मोळी, गुळाची ढेप, भोपळे, अंडी, कुणी कोंबडी, मग पाळकसाहेब प्रार्थना करतात आणि बाहेर त्याचा लिलाव होतो. आम्ही शेजारपाजारचेही जातो, कारण गूळ चांगला असतो. सर त्या सणाला पुरावा घेऊन यायचे. सगळं पुढं मांडून झालं की उठून उभे राहायचे आणि त्या वर्षीचा पुरावा सांगायचे. एका वर्षी पाण्याचं चक्र, एका वर्षी समुद्रातल्या वाटा. मागं कोंबड्या फडफडत असायच्या. बायका पदराखाली जांभया द्यायच्या. पाळकसाहेब फार भले गृहस्थ. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "कदम सर, त्यांना तुम्हीच समजवा हो. आम्हाला पुरावा नको आहे, आम्ही आधीच मानतो. आणि रोज रोज पुरावा ऐकून आता मलाच शंका यायला लागलीय." मी त्यांना सांगितलं, समजावून समजणाऱ्यांना कुणी पुरावे देत बसत नाही.

निवृत्त झाल्यावर सरांच्या डोक्यात हौद आला. वहिनींच्या नावानं चर्चच्या आवारात पाण्याचा एक हौद बांधायचा. आवारात झाडं होती, पाणी नव्हतं, उन्हाळ्यात पाळकसाहेबांची बायको लांबून बादल्या आणायची. वहिनी होत्या तेव्हा त्याही दवाखान्यातून येताना तिच्याबरोबर दोन बादल्या आणायच्या. कल्पना चांगली होती, मी मोकळेपणानं तसं म्हटलंसुद्धा. मग त्यांनी माप सांगितलं. शलमोन राजाच्या मंदिरात पाण्याचं एक प्रचंड ओतीव गंगाळ होतं, गोल, आरपार दहा हात आणि घेर तीस हात. अगदी त्याच मापाचा हौद करायचा.

मी हातातला पेला खाली ठेवला. म्हटलं, "सर, दहाचा घेर तीस होत नाही."

"पुस्तकात आहे."

"अहो, जन्मभर तुम्ही शाळेत बावीस सप्तमांश वापरलेत. सायकलच्या चाकाची गणितं घातलीत."

"ते पुस्तकातलं गणित झालं," ते म्हणाले, "हे प्रत्यक्ष बांधून बघू. प्रयोग करू. तुम्ही साक्षीदार म्हणून या."

विज्ञानाचा शिक्षक वर्तुळाचा घेर तपासायला गवंडी लावतो, ही गोष्ट मी आमच्या हिला सांगितली तेव्हा मला वाटलं होतं आता तरी ती हसेल. ती म्हणाली, "तुमी जावा मातुर. आन तिथं जाऊन तोंड चालवू नगा."

मी गेलो. शनिवारची सकाळ होती. बशीरभाई म्हणून मलकापुरातलेच गवंडी, हाताखाली एक गडी घेऊन आले होते. मधोमध खुंटी ठोकली, सुतळीनं वर्तुळ काढलं, चुन्याची फक्की मारली. सरांनी स्वतःच्या हातानं मोजून तीस हातांचा दोर आणला होता, दोन्ही टोकांना गाठी मारलेल्या. बशीरभाईंनी फक्कीच्या आतल्या बाजूनं नऊ इंची भिंतीचा पहिला थर लावला. सर दोर घेऊन भिंतीच्या बाहेरून फिरले. मी एका टोकाला पाय ठेवून उभा होतो. फिरून माझ्यापर्यंत यायच्या आत दोर संपला. गाठीपासून गाठीपर्यंत साधारण दीड हात उघडा.

"दोर आखडलाय," सर म्हणाले.

दोर ओढून ताणला, परत फिरले. परत तेवढंच अंतर. मग ते म्हणाले, हात कुणाचा धरायचा हा प्रश्न आहे, बशीरभाईंचा हात लांब आहे, वर्तुळ त्यांच्या हातानं काढलं. मी म्हटलं, हवं तर हत्तीची सोंड घ्या, दोन्हीकडं एकच माप घेतलं की प्रमाण बदलत नाही. मग त्यांना सुचलं की घेर आतून मोजायचा. आतून मोजला. आता दोर दीड हातापेक्षाही थोडा जास्तच उरला. बाहेरून कमी, आतून जास्त. मी म्हटलं, "म्हणजे खरा घेर भिंतीच्या पोटात कुठंतरी आहे." बशीरभाईंचा गडी हसला. सर नाही हसले. त्यांनी वहिनींचं बायबल उघडलं, बोटानं ओळी शोधल्या आणि एकदम ताठ उभे राहिले.

"जाडी," ते म्हणाले. "जाडी दिलीय. चार बोटं. आपण भिंत जाड घेतली म्हणून चुकलं. चार बोटांची भिंत घ्या, रुंदी बाहेरून मोजा, घेर आतून मोजा. करा हिशेब, कदम सर."

मी हिशेब केला. कंटाळा आला होता, पण केला. चार बोटांची भिंत घेतली तर खरंच जवळपास जुळत होतं. टीचभर दोर कमी पडला असता, पण तेवढं त्यांनी चालवून घेतलं असतं. मी तसं सांगितलं. खोटं कशाला बोलायचं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांच्या बाजूनं काही बोललो होतो आणि त्यांनी माझा दंड धरला, घट्ट. मला ते आवडलं नाही, कारण इतक्या लहान गोष्टीनं इतकं खूश झालेलं माणूस बघवत नाही.

"बशीरभाई, ह्या विटा काढा. चार बोटांची भिंत करा."

बशीरभाई उकिडवे बसले होते. म्हणाले, "चार बोटाची करतो की. पर पाणी न्हाई धरणार, सर. एवढा मोठा हौद, भरला की भित बाहेर पडंल."

"सिमेंट जास्त लावा."

"कितीबी लावा. ते राजाचं भांडं ओतीव आसंल. ही ईट हाय."

हे खरं तर कुणालाही कळण्यासारखं होतं. सरांनाही कळत होतं, पाण्याचा दाब त्यांनी वर्षानुवर्षं शिकवला होता. ते विटांच्या ढिगावर बसले. मांडीवर बायबल, हातात दोर. मला वाटलं, आता बोट वर जाईल आणि चार बोटांच्या भिंतीनं पाणी कसं धरतं याचं वचन निघेल.

पण ते हळूच म्हणाले, "एक ओळ चुकली, तर कुठली ओळ धरायची, कदम सर? वटवाघूळ सोडून दिलं, ससा सोडून दिला, घेर सोडून दिला. मग ती मला भेटणार ही ओळ का नाही सोडायची? ती लिहिणाऱ्याला तरी काय ठाऊक?"

मला राग आला. खरंच सांगतो, दया वगैरे नंतर आली असेल, आधी राग आला. मी म्हटलं, "सर, वहिनींचं सगळं ओझं तुम्ही वटवाघळाच्या पाठीवर ठेवलंत? सशाच्या लेंडीवर? अहो, त्या बाईनं आयुष्यात कधी विचारलं का ससा काय खातो म्हणून?" बशीरभाई उठले आणि अदबीनं म्हणाले, "सर, माल सुकाय लागलाय. काय करायचं?"

सरांनी दोराकडं पाहिलं, मग आवाराच्या कोपऱ्यात ठेवलेल्या बादल्यांकडं. "नऊ इंचीच करा," ते म्हणाले. "पाणी राहिलं पाहिजे."

हौद झाला. पाणी धरतो. पुढच्या हंगामाच्या सणाला सगळं मांडून झाल्यावर पाळकसाहेबांनी सवयीनं सरांकडं पाहिलं. सर उभे राहिले, म्हणाले, "या वर्षी काही नाही," आणि बसले. लोकांना इतका आनंद झाला की त्या वर्षी गुळाची ढेप चढ्या भावानं गेली. पाटील सरांना मी ही बातमी दिली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपण जिंकलो." आपण म्हणजे कोण, हे मी त्यांना विचारलं नाही, कारण ते त्या दिवशी मोबाइलवर आलेलं राईचा पर्वत आणि अणुशक्ती असं काहीतरी वाचत होते.

आमची ही मात्र माझ्यावर खवळली. "त्या पुराव्यांवर जगत हुता त्यो माणूस," ती म्हणाली. "तुमी जाऊन काय मिळवलंसा?" मी म्हटलं, मी काही केलेलं नाही, जे केलं ते वर्तुळानं केलं. हे मी आजही म्हणतो. पण ती दर रविवारी त्यांच्याकडं डबा पाठवायला लागली, आणि तो घेऊन मलाच जावं लागायचं. सर दार उघडायचे, डबा घ्यायचे, बसा म्हणायचे. मी बसायचो. आम्ही उसाबद्दल, रस्त्याच्या रुंदीकरणाबद्दल, पेन्शनबद्दल बोलायचो. टीव्हीवर काहीही नवीन लागलं तरी बोट मांडीवरच असायचं. मला आधी बरं वाटलं, मग ते बघणं नकोसं झालं. एकदा मीच म्हटलं, "सर, हे तुमच्यात लिहिलेलं असेल की." ते म्हणाले, "असेल. बघितलं नाही."

मग त्यांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. मुलगा सांगलीला नोकरीला, तो घेऊन गेला. तिथल्या एका दवाखान्यात ठेवलंय असं कळलं तेव्हा मी एसटीनं गेलो. आमची ही डबा देणारच होती, दिला. ते उशांना टेकून बसले होते. मुलगा औषधं आणायला खाली गेला. खोलीत आम्ही दोघंच. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं, मग ते म्हणाले, "कदम सर, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही आजवर कधी काही बोलला नाहीत."

"नाही."

"म्हणून विचारतो. भेट होईल का?"

हो म्हणायला काय जात होतं? पाळकसाहेब मलकापुरातून दोनदा येऊन होईल म्हणून सांगून गेले होते. नर्ससुद्धा हो म्हणाली असती. पण ज्या माणसाला मी सशावरून, मोहरीवरून, टीचभर दोरावरून सोडलं नव्हतं, त्याला इथं येऊन खोटं सांगायचं हे मला जमेना. मी म्हटलं, "मला माहीत नाही, सर."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून गावची भाषा मी पहिल्यांदा ऐकली. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट फार दिवसांनी झोप झालेल्या माणसाचा चेहरा असतो तसा होता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. जाऊन बघायचं."

एवढं बोलून त्यांनी डबा जवळ ओढला आणि आत काय आहे ते पाहिलं. वांग्याची भाजी होती. दोन घास खाल्ले, चांगली झालीय म्हणाले. मी संध्याकाळच्या गाडीनं परत आलो. आठवडाभरात ते गेले.

मलकापूरला आणून वहिनींच्या शेजारी पुरलं. पाळकसाहेबांनी भेटीचं वचन वाचलं, लोकांनी माना डोलावल्या. पाटील सर माझ्या शेजारी उभे होते, त्यांनीही डोलावली. मी तसाच उभा राहिलो. माती टाकायची पाळी आली तेव्हा टाकली, आणि घरी येऊन हिला म्हटलं, चला, जगातला एक पुरावेवाला कमी झाला. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आंघोळीचं पाणी काढलं.

गेल्या वर्षी ती गेली. काही फार नाही, ताप आला, न्यूमोनिया झाला, चार दिवसांत संपलं. लोक येऊन आत्मा अमर आहे वगैरे सांगून गेले. पाटील सरांनी तर आत्म्याचं वजन किती ग्रॅम असतं तेही सांगितलं, कुठल्याशा परदेशी प्रयोगात मोजलंय म्हणे. मी त्यांना दारापर्यंत पोचवून आलो आणि दार लावून घेतलं.

घरात आता मी एकटाच असतो, आणि एकटं बसलं की मला आमच्या सरांचा फार राग येतो. वटवाघळाचा पुरावा दिला, सशाचा दिला, वाफेचा दिला, मी नको नको म्हणत असताना दिला. मला ह्या एकाच गोष्टीचा, भेटीचा, हवा होता. तेवढ्याला मात्र जाऊन बघतो म्हणाले आणि तिकडंच राहिले.